उसवलेल्या सात ओळी

जानेवारीच्या सहा तारखेला रात्री साडेदहा वाजता हॉलच्या फरशीवर बसून मी सात ओळी उसवल्या. हातहात लांबीच्या. लहान कात्रीचं टोक टाक्याखाली सरकवायचं, दोरा कापायचा, चार टाके सोडून पुन्हा कापायचा आणि गोधडी उलटी करून मागच्या बाजूने दोरा ओढायचा, की तुकडे अलगद निघून येतात. कापड जुनं, धुऊनधुऊन मऊ झालेलं, त्यामुळे ओढताना जपावं लागत होतं. वीस-पंचवीस मिनिटांत झालं. दोऱ्याचा गुंता बटणांच्या डबीत टाकला, तळव्याने कापड सारखं केलं, दिवा मालवला. मग बराच वेळ अंधारात पंख्याकडे बघत पडून राहिले.

त्या ओळी माझ्या नव्हत्या.

आमच्याकडे पोळ्या करायला येतात त्या मावशी अक्कलकोटकडच्या. सात वर्षं येताहेत. त्या सकाळी पुढच्या घरची मंडळी गावाला गेली होती, मावशींना अर्धा-पाऊण तास रिकामा होता. चहा घेऊन त्या हॉलमध्ये आल्या, तिथे मी गोधडी पसरलेली होती. "ताई, आमच्यात हिला कौदी म्हणत्यात," एवढं म्हणून त्यांनी कडेला बसत काठ चिमटीत धरला आणि थर मोजले. किती थर आहेत हे कापड न उलगडता बोटांनी सांगता येतं, ते त्यांना येत होतं. तेवढ्यात भाचीचा फोन आला. मी गॅलरीत जाऊन बोलत राहिले. परत आले तेव्हा मावशी पदर खोचत उठल्या होत्या, "जाते हो," म्हणाल्या आणि गेल्या. स्वयंपाकघराच्या दाराजवळच्या कोपऱ्यात त्यांनी माझ्याच डब्यातली सुई घेऊन सात ओळी घातल्या होत्या. काठाच्या कडेने निघायचं, कोपऱ्याशी आलं की काटकोनात वळायचं आणि पुढे जायचं. एकाच्या आत एक अशी सात वळणं. टाके माझ्यापेक्षा मोठे होते, पण एकसारखे होते. वेडेवाकडे नव्हते. हे मी मुद्दाम लिहिते, कारण नंतर मनाशी बोलताना दोन-तीनदा मी 'वेडेवाकडे' असा शब्द वापरला आणि तो खोटा होता.

माझी गोधडी सरळ ओळींची आहे. डाव्या काठापासून सुरुवात, एक ओळ पूर्ण झाली की बोटभर अंतर सोडून दुसरी. हाताने धावदोरा घालताना वरचं कापड दर ओळीला रेसभर पुढे सरकतं. कितीही कच्चे टाके घाला, सरकतंच. ती सगळी ढिलाई हळूहळू पुढे लोटत न्यायची आणि शेवटच्या काठाशी मुडपताना छाटून टाकायची, ही माझी पद्धत. समोरचा कोपरा कुणी आधीच बांधून टाकला तर त्या ढिलाईला बाहेर जायला वाट राहत नाही, मधे कुठेतरी फुगा येतो. तेव्हा उसवायला कारण होतं. चांगलं, शिवणकाम कळणाऱ्या माणसाला पटेल असं कारण होतं. तरीही ते मी मावशींना दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितलं असतं आणि त्यांच्यासमोर उसवलं असतं, तर गोष्ट वेगळी झाली असती. मी रात्री उसवलं.

सात तारखेला पोळ्या झाल्यावर मावशी हात पुसत हॉलच्या दारात आल्या. कोपऱ्याकडे बघितलं. मी ओट्यापाशी भाजी चिरत होते, मला त्यांची पाठ दिसत होती. त्या थोड्या वाकल्या, सरळ झाल्या, चपला घातल्या आणि निघाल्या. "जाते हो," नेहमीसारखंच.

दर महिन्याच्या एक तारखेला मी कालनिर्णयवर पेन्सिलीने महिन्याचं काम लिहिते. आई तारखांच्या चौकोनात दुधाचा हिशेब लिहायची, मी ओळींचा लिहिते. नोकरी संपून दोन वर्षं झाली. बत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत घंटेवर काढली, त्यामुळे महिन्याला काही आकार असल्याशिवाय मला चैन पडत नाही. या जानेवारीत चार कामं होती. भाचीच्या बाळासाठी दुपटं. आईच्या साड्यांची मोठी गोधडी, तिचे टाके पूर्ण करायचे. बाबांची जुनी वाकळ दुरुस्त करायची. आणि शेजारच्या काकूंनी दिवाळीत आणून दिलेलं काकांच्या शर्टांचं गाठोडं सोडून निदान कापड वेगळं करायचं. मोठ्या गोधडीचा मी हिशेबही मांडला होता. लांबी पावणेसात फूट, रुंदी सात फूट, बोटभर अंतर म्हणजे पाऊण इंच, अशा ११२ ओळी होतात. इंचाला चार टाके धरले तर एका ओळीत सव्वातीनशेच्या आसपास आणि सगळ्या गोधडीत छत्तीस हजारांवर. एका ओळीला मला वीस मिनिटं लागतात. रोज चार ओळी घातल्या तर २८ दिवस. संक्रांतीचे आणि हळदीकुंकवाचे तीन दिवस सोडून महिनाअखेर गोधडी अंगावर.

दुपटं नऊ तारखेलाच झालं. त्यात सांगण्यासारखं फारसं काही नाही. तीन थर, आईच्या दोन मऊ पातळांचे, कडेने पोपटी पट्टी. तान्ह्या बाळाला पहिल्यांदा जुन्यातच गुंडाळायचं असतं, नव्या कापडातली खळ त्या कातडीला सोसत नाही. कापड दोनदा उकळून घेतलं आणि उन्हात वाळवलं. घडी घातली तेव्हा त्याला आईचा नाही, साबणाचा वास आला. हे चांगलंच झालं असं मी ठरवलं. बाळाला आपला वास असतो.

आईचा वास मोठ्या गोधडीत आहे. तिला जाऊन चार वर्षं झाली. घरातल्या मोठ्यांचं म्हणणं होतं की गेलेल्या माणसाचे कपडे ठेवू नयेत, कुणा गरजवंताला द्यावेत. मी काठापदराच्या दिल्या, सुती ठेवल्या. अकरा निघाल्या. त्यात दोन नऊवारी, लग्नानंतर पहिली दहा वर्षं ती नऊवारीच नेसायची. नऊवारीचे बरोबर मधून चार तुकडे केले आणि दोन-दोन शेजारी जोडले की मोठ्या गोधडीचे दोन थर होतात, जणू त्यासाठीच ती विणलेली असते. वरच्या बाजूला मी तिची गर्द हिरवी इरकल घेतली आहे, लाल पदराची. खालच्या बाजूला साधी पांढऱ्यावर निळ्या फुलांची, जी ती आजारपणात नेसायची. तिच्यावर एक फिकट पिवळा डाग आहे, हळदीचा किंवा औषधाचा. तो कापून काढता आला असता. राहू दिला आहे.

सुती साडी ही वस्तू आता घरोघरी मिळत नाही, हे गोधडी शिवायला घेतल्याशिवाय लक्षात येत नाही. आमच्या लहानपणी दारावर बोहारीण यायची, डोक्यावर भांड्यांची पाटी. आई तिच्यासमोर टेरिकॉटचे शर्ट, नायलॉनच्या साड्या ठेवायची, अर्धा तास घासाघीस करून एखादा स्टीलचा डबा घ्यायची. सुती लुगडं, धोतर, पंचा तिने बोहारणीला कधी दिलं नाही. बोहारीण बोचक्यात बघून म्हणायची, "ते पातळ घाला की यात, मोठं पातेलं देते," आणि आई ते मागे ढकलायची. तेव्हा मला तिचा राग यायचा, कारण पातेलं चकचकीत असायचं. माझी आजी तर बोटभर चिंधी टाकू द्यायची नाही. गाडगेबाबांना लोक गोधडे महाराज म्हणत. त्यांच्या अंगावर काय होतं ते आठव, म्हणायची. मावशींच्या घरी आता सगळ्या साड्या सिंथेटिक. त्यांनी मला मागे एकदा सांगितलं होतं, त्यांच्या सुनेने दोन वर्षांपूर्वी त्याच साड्यांची कौदी शिवली. दिसायला झकास, पण रात्री अंगावर थांबत नाही, सरकून खाली जाते. आणि उन्हाळ्यात घामाने चिकटते. म्हणून त्या सकाळी त्यांनी माझ्या गोधडीचा काठ चिमटीत धरून इतका वेळ चोळला असेल का? सात वर्षांत त्या माझ्याकडे कधी काही न विचारता घेऊन बसल्या नव्हत्या. पाण्याचा ग्लाससुद्धा विचारून घेतात.

मला शिवायला शिकवलं आईने, खटावातल्या आमच्या गावी. ७२ चा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. दुष्काळात आई रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची, आम्हा मुलांना सुकडी मिळायची, तिची चव मला अजून आवडते. मी हे सांगते आहे तो उन्हाळा बरा होता. चैत्र सरला की रानात काम नसायचं. दुपारी शेणाने सारवलेल्या सोप्यात आई वाकळ अंथरायची, चारी कोपऱ्यांवर तांब्या, वरवंटा, अडकित्ता, आणखी काही जड ठेवायची. शेजारच्या चार-पाच बायका यायच्या. ज्या बाजूला जी बसली ती तिथून शिवत सुटायची. कुणाचे टाके तांदळाएवढे, कुणाचे गव्हाएवढे. एक आजी होत्या, त्यांना दिसायचं कमी, त्यांची ओळ निघायची एकीकडे आणि पोचायची दुसऱ्याच ओळीत. आई त्यांच्या सुईत दोरा ओवून द्यायची. सगळ्या बोलत असायच्या, सासरचं, माहेरचं, कुणाची म्हैस आटली, कुणाच्या पोराला मुंबईला लावलं, आणि सुया चालू. मी दहा वर्षांची, मलाही सुई हवी असायची. मिळाली. वीतभर ओळ घातली आणि आईला दाखवली. तिने ती बघितली आणि म्हणाली, "उसव. डोळं कुठं हुतं तुझं?" मी रडत रडत उसवली. पुन्हा घातली. पुन्हा उसवायला लावली. त्या उन्हाळ्यात मी किती ओळी उसवल्या त्याला गणती नाही. पण त्या आजींच्या ओळीला आईने कधी हात लावला नाही. बायका गेल्यावर मी एकदा बोट दाखवून म्हटलं होतं, हे बघ, हे तर माझ्याहून वाईट आहे. आई म्हणाली, "ती शिकाया आलीया व्हय?"

हे मला आठवलं ते सहा तारखेला नव्हे. तेव्हा फक्त उसवण्याची ती सवय आठवली हाताला. बत्तीस वर्षं वह्या तपासल्या आहेत, चुकलेली ओळ दिसली की लाल पेन आपोआप तिथे जातं.

मावशी संक्रांतीला सुट्टीवर गेल्या. सोलापूरला सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा असते, काठ्या निघतात, त्यांचं माहेर सोलापूरचं. बारा तारखेला गेल्या त्या सतराला येणार होत्या. त्या नसताना मी स्वतः पोळ्या केल्या आणि रोज चारऐवजी दोन ओळी झाल्या. कोपऱ्याकडे जायला अजून पुष्कळ अवकाश होता, पण रोज बसताना माझं लक्ष तिकडे जायचं. हिरव्या इरकलीवर बारीक भोकं राहिली होती. नवं कापड असतं तर एका धुण्यात बुजली असती. जुन्या कापडाचे धागे एकदा बाजूला झाले की परत जवळ येत नाहीत. उजेड तिरका आला की सात वळणं दिसायची, दोऱ्याशिवाय, ठिपक्याठिपक्यांनी. मी एकदा त्यांच्यावर पाण्याचा हात फिरवून नखाने धागे सारखे करायचा प्रयत्न केला. काही बुजली, काही नाही.

मग मी मोठी गोधडी गुंडाळून ठेवली आणि तिसरं काम काढलं, बाबांची वाकळ. ती दुरुस्त करायची असं तीन वर्षं प्रत्येक जानेवारीच्या पानावर लिहिते आहे आणि उरकत नाही. जानेवारीतच का लिहिते तेही खरं म्हणजे ठरलेलं आहे. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला.

बाबा परळच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागावर होते. आम्ही गावी, ते मुंबईत. एका खोलीत खटाव-माणकडचे सोळा-सतरा जण, जेवण खाणावळीत, झोप पाळीप्रमाणे. पहिल्या पाळीचे उठून गेले की रात्रपाळीचे येऊन त्याच जागेवर पडणार. अंथरूण उचलायचंच नाही. आईने शिवून दिलेली वाकळ बाबांची, पण तिच्यावर रोज तीन माणसं झोपायची. थंडीच्या दिवसांत तिच्यात शिरलं की आधीच्या माणसाची ऊब असायची, असं बाबा सांगायचे. मला ते ऐकताना कसंसंच व्हायचं. ते मात्र ते सुखाचं म्हणून सांगायचे. वर्षातून एकदा, घटस्थापनेच्या आधी, वाकळ एसटीतून गावी यायची. आई ती ओढ्यावर न्यायची. भिजलेली वाकळ एकट्या बाईला उचलत नाही. दोन टोकांना दोघींनी धरून पीळ घालायचा आणि काळं पाणी निघत राहायचं, गिरणीची धूळ, कापसाचे पुंजके, विडीचा वास. खडकावर वाळत टाकली की संध्याकाळपर्यंत उन्हाचा वास यायचा. तो येईपर्यंत आई ती घरात घ्यायची नाही.

संप सुरू झाला तेव्हा अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर होते, महिन्या-दोन महिन्यांत मिटेल असं सगळेच म्हणत. बाबा होळीला घरी आले ते ट्रंक आणि वाकळ घेऊनच. मी तेव्हा सोळा-सतरा वर्षांची. ट्रंक त्यांनी दोन वर्षं उघडी केली नाही, परत जायचंय म्हणून. संप मागे घेतल्याचं कुणी कधी जाहीर केलं नाही, म्हणून बाबांच्या हिशेबी तो चालूच होता. वाकळ मात्र आईने दुसऱ्याच दिवशी ओढ्यावर नेली.

ती वाकळ मी अठरा तारखेला खिडकीशी उजेडात घेऊन बसले. कडा झिजल्या आहेत, मधे एके ठिकाणी कापड जाळीसारखं झालंय, आतली चादर दिसते. आणि पायाकडच्या बाजूला एक ठिगळ आहे, दीड वीत लांब, मांजरपाटासारख्या जाड कापडाचं. हे ठिगळ मी लहानपणापासून बघितलेलं. पाय त्यावर घासले की खरखरीत लागायचं. या वेळी ठरवलं होतं की ते काढायचं आणि नीट, मऊ कापडाचं लावायचं. टाके भलतेच मोठे, अर्ध्या-अर्ध्या इंचाचे, तिरके, गोणपाट शिवल्यासारखे. मी कात्री घेतली आणि पहिला टाका कुठे आहे ते शोधायला लागले. दोरा विकतचा नव्हता. सूत होतं, चार-पाच पदरी पिळलेलं, आणि दर वीतभर अंतरावर त्याला एक इवलीशी गाठ. मी चष्मा बदलला. गाठ इतकी चपटी की बोटाला जाणवत नाही, फक्त डोळ्याला दिसते. ती विणकराची गाठ होती.

साच्यावर ताण्याचा, म्हणजे उभा धागा तुटला की तो जोडायला जी गाठ मारतात ती. मोठी गाठ फणीतून जात नाही, पुन्हा तुटतो, म्हणून ती बारीक आणि घट्ट असावी लागते. बाबा ती एका हाताने मारायचे. घरी आल्यावर कशाचाही दोरा तुटला, माझ्या परकराची नाडी, पतंगाचा मांजा, शेळीचं दावं सोडून काहीही, की त्यांची बोटं एक चाळा केल्यासारखी हलायची आणि धागा एकसंध व्हायचा. मला शिकवायला बघितली होती, मला जमली नाही. म्हणजे हे ठिगळ त्यांनी लावलेलं. त्या खोलीत, दोन पाळ्यांच्या मधे, तुटलेल्या सुताचे तुकडे गोळा करून, जोडून. ठिगळाची एक बाजू मी तोवर कापली होती, चार टाके. कापडाचा कोपरा उचलून आत बघितलं तर दुमडलेल्या भागावर निळ्या शाईचा शिक्का होता, ताग्याच्या टोकाला मारतात तसला. तीन अक्षरांचे पाय आणि एक आकडा. पांघरणाच्या आत असल्यामुळे चाळीसेक वर्षांत त्यावर ऊन पडलं नव्हतं, शाई अजून निळी होती.

आणि आईने ते ठिगळ तसंच ठेवलं होतं. वीतभर ओळ मला चार वेळा उसवायला लावणारी आई. तिने ही वाकळ पुढे किती वर्षं धुतली, तिच्या कडा दोनदा बदलल्या, त्या बदललेल्या कडेवर तिचे तांदळाएवढे टाके आहेत, आणि ते टाके ठिगळापर्यंत येतात, त्याला वळसा घालतात आणि पुढे जातात.

मी कापलेले चार टाके पुन्हा घातले. अर्ध्या इंचाचे घालायला गेले तरी हात बारीकच घालत होता.

मावशी सतराऐवजी वीस तारखेला आल्या. येताना शेंगाचटणी आणि कडक भाकरी आणली. त्या दिवशी मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मनात वाक्य तयार करायचे आणि पोळ्या संपेपर्यंत थांबायचे आणि मग त्यांची निघायची वेळ झालेली असायची. बावीस तारखेला त्या कणीक मळत असताना म्हटलं, "मावशी, तुम्ही घातलेल्या ओळी मी उसवल्या हो."

त्यांनी मळणं थांबवलं नाही. म्हणाल्या, "बघितलं की मी. भोकं दिसत हुती."

मग मी फुग्याचं सांगितलं, सरळ ओळी, ढिलाई पुढे सरकवणं, कोपरा आधी बांधला तर काय होतं. सांगताना माझा आवाज वर्गात समजावते तसा झाला हे मलाच ऐकू येत होतं. मावशींनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "येतोय की फुगा. मधी येतो. काठाकाठानं शिवत गेलं की समदी ढिलाई मधी गोळा हुती. तिथं दुमडायची आन् वर ठिगळ बसवायचं. आमच्यात मधलं ठिगळ लई देखणं लावत्यात." थोडं थांबून, "तुमची सरळ चालली हुती, मला दिसलं न्हाई तवा. फकस्त हात शिवशिवला. लई वर्सांनी सुती कापड बघितलं."

मी कर्नाटकात यल्लापूर-हल्याळकडच्या सिद्दी जमातीच्या बायकांच्या कवंद्या, म्हणजे त्यांच्या गोधड्या, पाहिल्या आहेत, त्याही काठापासून सुरू करून गोल गोल आत शिवत जातात आणि कोपऱ्यांवर कापडाची त्रिकोणी फुलं बसवतात. ती पद्धत मला माहीत होती. माझ्या घरात, माझ्या आईच्या इरकलीवर, सात वर्षं रोज येणाऱ्या बाईच्या हातात ती आली तेव्हा मला ती ओळखता आली नाही.

"बसा ना आज थोडा वेळ," मी म्हटलं. त्या म्हणाल्या, आज नको, पुढच्या घरी पाहुणे आहेत, वीस पोळ्या जास्तीच्या. खरंच असतील पाहुणे. पुढचे चार-पाच दिवस मी परत विचारलं नाही.

एकोणतीस तारखेला त्या काम आटोपून स्वतःच हॉलमध्ये आल्या. मी अडुसष्टाव्या ओळीवर होते. त्या दाराजवळच्या कोपऱ्यात बसल्या, भोकांवरून बोट फिरवलं, डब्यातून सुई घेतली. दोरा ओवून द्यायला मी हात पुढे केला, पण त्यांना नीट दिसतं. सुई कापडाला लावली आणि माझ्याकडे बघून विचारलं, "आता उसवणार न्हाई न्हवं?"

"नाही."

त्यांनी जुन्या भोकांतूनच शिवायला घेतलं. एकेक भोक शोधून त्यातूनच सुई काढत होत्या, म्हणून वेळ लागत होता. मी माझ्या बाजूने शिवत होते. आम्ही फार बोललो नाही. गड्ड्याच्या गर्दीचं त्या थोडं बोलल्या, आणि त्यांच्या आईच्या कौदीचं, जी भावाकडे आहे आणि तो देत नाही. पाऊण तासाने उठल्या तेव्हा सातच्या सात ओळी परत होत्या आणि आठवी अर्ध्यावर.

आज एकतीस तारीख. ७१ ओळी झाल्या, ४१ राहिल्या, काकूंचं गाठोडं मी सोडलंच नाही. वाकळीची जाळी भरली, ठिगळ आहे तिथे आहे. मावशी काल आणि आज दोन्ही दिवस बसल्या, आज त्यांनी दुसरा कोपरा वळवला. फुगा आत्ताच जाणवायला लागला आहे. दोघींच्या ओळींच्या मधे इरकल थोडी उचलली गेली आहे, तळव्याने दाबली की हाताखालून निघून पलीकडे जाते. फेब्रुवारीच्या पानावर मी वर उरलेल्या ओळी लिहिल्या आणि खाली लिहिलं : मधलं ठिगळ. कापड कुठलं घ्यायचं ते अजून ठरत नाही. उद्या मावशींना विचारते.